आधी हात, मग डोळे

गुरुवारी दुपारी तीनला एव्हारिस्तोच्या घरातला फोन वाजायचा, आणि तो उचलून एव्हारिस्तो कधी ‘हॅलो’ म्हणायचा नाही. “कुठलं धरण?” असं विचारायचा. आधी विद्यापीठात, मग घरी, वीस वर्षं हाच रिवाज. सराकुरा भाषेत कुणाचं काही अडलं, तर त्यानं गुरुवारपर्यंत कळ काढायची, तीन ते पाचच्या मध्ये ब्राझीलमधल्या कांपिनासला फोन लावायचा, आणि एव्हारिस्तो जे सांगेल तो कायदा. त्यावर अपील नाही.

सराकुरा म्हणजे मूळची दलदलीतली पाणकोंबडी. ती ओरडली की पाऊस येतो, असं गावाकडे सगळेच धरून चालतात. धरणांचे दरवाजे चालवण्यासाठी झुल्मीरा आणि एव्हारिस्तो यांनी १९८३ साली संगणकाची जी भाषा रचली, तिला हे नाव झुल्मीरानं दिलं. तेव्हा परदेशी संगणक आणायला सरकारची बंदी होती. विद्यापीठाच्या तळघरात इथंच बनलेलं कपाटाएवढं एक यंत्र होतं, त्याला बाहेरच्या भाषा काही केल्या पचत नव्हत्या, म्हणून या दोघांनी आपली घरचीच रांधली. काय दिवस होते ते! यंत्र तापू नये म्हणून दोन पंखे, त्यांचा घरघराट, फळ्यावर एव्हारिस्तोचं तिरकं अक्षर, आणि थर्मासमधली कडक, साखर घालून पाक केलेली कॉफी. झुल्मीरा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती आणि आपण म्हाताऱ्या झालो असं तिला वाटायचं. आता सहासष्टाव्या वर्षी तिला त्या बाईचं हसू येत असे.

एवढ्या वर्षांत दोघांचं कडाक्याचं भांडण एकदाच झालं, ब्याण्णव साली, आणि ते मानकावरून झालं. मानक म्हणजे भाषेतल्या प्रत्येक आज्ञेचा नेमका अर्थ कलमवार लिहून, पाच शहाण्यांनी तपासून, सह्या करून छापायचा. मोठ्या भाषांना अशी मानकं असतात, मग आपल्या भाषेलाही असावं, असं झुल्मीराचं म्हणणं. चाळीस धरणं आता आपल्या भाषेवर चालतात.

“कागदावर चढली की भाषा मेली,” एव्हारिस्तो म्हणाला होता. “आज एखादी गोष्ट चुकली तर उद्या मी ती दुरुस्त करतो. पाच टायवाले एकदा बसले की स्वल्पविराम हलवायला तीन वर्षं घेतील. आणि मी आहे ना जिवंत? मला विचारा की.”

“आणि तू मेलास की?”

“तर माझ्या तेराव्याला बसून लिही.”

आठ महिने अबोला. शेवटी झुल्मीराच एका गुरुवारी मक्याच्या पिठाचा केक घेऊन गेली, एव्हारिस्तोनं फोनवर बोलता बोलता पायानं खुर्ची तिच्याकडे सरकवली, आणि तो विषय त्या खुर्चीखाली गेला तो गेलाच. पुढं निवृत्त झाल्यावर फळा, फोन आणि गुरुवार असं सगळंच तळघरातून एव्हारिस्तोच्या घरी आलं. झुल्मीराही दर गुरुवारी येऊन कोपऱ्यात विणकाम घेऊन बसायची. तिच्या भाच्यांकडे इतके स्वेटर झाले की त्यांनी हात जोडले.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात तिच्या घरी फोन आला. पेद्रा मियुदा धरणाचा इंजिनिअर जुरांदीर होता. गडी मोठा शांत, पण त्या दिवशी आवाज चिरकलेला.

“बाई, आमचा तीन नंबरचा दरवाजा अडकला. पहिला मोठा पाऊस, आणि दरवाजा जागचा हलेना! अर्धा दिवस आम्ही त्याच्याशी झुंजतोय. खाली नावेचा धक्का गेला, कुणाची तरी खुराडी गेली. माणसं वाचली, हे नशीब.”

“का अडकला?”

“जलपर्णी. गठ्ठेच्या गठ्ठे बसलेत. चार महिन्यांत दरवाजा एकदाही हललेला नाही.”

झुल्मीरा खुर्चीत बसली. असं होणं शक्यच नव्हतं. भाषेच्या मुळाशीच त्याची सोय होती. ‘पाणी सात मीटरच्या खाली येईपर्यंत दरवाजा उघडत राहा’ अशी आज्ञा दिली आणि पाणी आधीच सात मीटरच्या खाली असलं, तर जगातली बहुतेक यंत्रं आधी बघतील आणि गप्प बसतील. सराकुरा तसं करत नाही. ती दरवाजा एकदा हलवते आणि मग पाणी बघते. एव्हारिस्तोच्या शब्दांत, आधी हात, मग डोळे. म्हणजे रोजच्या फेरीत दरवाजा एकदा तरी खडखडतोच.

“जूनमध्ये आम्ही नवीन यंत्र बसवलं,” जुरांदीर सांगत होता. “त्यावर कुरितीबाच्या कंपनीतल्या लोकांनी नव्यानं लिहिलेली सराकुरा आहे. ती आधी बघते. मी त्यांना फोन करून झापलं, तर ते म्हणतात, आम्ही मार्चमध्ये गुरुवारी प्रोफेसरांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, आधी डोळे, मग हात. बाई, मला जूनमध्ये ते बरोबर उलट बोललेत. दोघांच्याही डायरीत तारीख आहे. आता कायदा कुठला?”

झुल्मीरानं दोन्ही तारखा लिहून घेतल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी ती अर्धा तास आधीच पोचली. दार एव्हारिस्तोच्या बहिणीनं, नाईरनं उघडलं. “ये गं. आज लवकर? केक अजून भट्टीत आहे.” नाईर तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. हे तिनं कधी केलं नव्हतं.

“काल त्यानं विचारलं, आई कुठं गेलीय,” नाईर हळू आवाजात म्हणाली. “आईला जाऊन एकतीस वर्षं झाली. परवा थर्मासमध्ये फळ्याचे खडू सापडले. डॉक्टरांनी नाव सांगितलं आजाराचं, मी लक्षात नाही ठेवलं. म्हटलं, घरात एकानंच विसरलेलं पुरे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“गुरुवारी तो बरा असतो ना. सकाळपासून दाढी करून बसतो. तुला सांगितलं असतं तर तू फोन बंद केला असतास.”

बाहेर फोन वाजला. “कुठलं धरण?” एव्हारिस्तोचा तोच खणखणीत आवाज. झुल्मीरा दारात येऊन उभी राहिली. पलीकडून कुणी तरी ‘येईपर्यंत’वाल्या आज्ञेबद्दलच विचारत होतं. एव्हारिस्तो खुर्चीत रेलला, डोळे मिटले, आणि ऐटीत म्हणाला, “अहो, सोपं आहे. आधी डोळे, मग हात. न बघता हात घालणारा मूर्ख.”

ज्या माणसानं हे वाक्य जन्माला घातलं तोच ते उलटं म्हणत होता, आणि पलीकडचा ते निमूट लिहून घेत होता. झुल्मीराला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला. ब्याण्णव साली मी आणखी भांडायला हवं होतं, असं तिला वाटलं. तिनं पुढं होऊन फोन घेतला, “जरा थांबा, प्रोफेसर थट्टा करतायत,” म्हणाली आणि खरं उत्तर दिलं. एव्हारिस्तो तिच्याकडे बघत राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला होता.

त्याच महिन्यात वीज खात्याचं पत्र आलं. ज्या भाषेला लिखित मानक नाही, तिला दोन वर्षांनी धरणांवर जागा नाही. मानक हवं असेल तर समिती नेमू, पण भाषेच्या दोन्ही कर्त्यांची संमती हवी. झुल्मीरानं पत्र एव्हारिस्तोला वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पत्राची घडी घालून ती डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली. “टायवाले,” एवढंच म्हणाला.

म्हणजे लिहायचं तर लवकर लिहायला हवं, आणि त्याला न कळू देता. कारण सगळी भाषा कुठं होती? अर्धी संगणकाच्या जुन्या फितींवर आणि अर्धी त्या पांढऱ्या डोक्यात. आणि ते डोकं दर आठवड्याला थोडं थोडं रिकामं होत होतं.

झुल्मीरानं जुरांदीरला आणि आणखी तीन धरणांवरच्या ओळखीच्या इंजिनिअरांना हाताशी धरलं. दर बुधवारी ती त्यांना प्रश्न वाचून दाखवायची, गुरुवारी ते आळीपाळीनं फोन करायचे, आणि ती कोपऱ्यात विणकामाच्या पिशवीत वही ठेवून उत्तरं उतरवून घ्यायची. एव्हारिस्तो खूश झाला. “बघ, लोकांना अजून माझी गरज आहे! चार-चार फोन येतात.” नाईर दोन केक भाजायला लागली.

पहिले काही आठवडे उत्तरांचा नुसता काला झाला. एका गुरुवारी हो, दुसऱ्या गुरुवारी नाही. झुल्मीरा रडकुंडीला आली. मग एकदा जुरांदीर तिनं दिलेला प्रश्न विसरला आणि भलतंच विचारून बसला. “प्रोफेसर, आधी हात, मग डोळे, हे असं का केलंत हो तुम्ही?”

एव्हारिस्तो हसला. तळघरातल्या पंख्यांच्या काळात हसायचा तसा. “का? अहो, तुमच्याच धरणावर झालं ते! चौऱ्याऐंशी साल. मी आणि झुल्मीरा तिच्या खटारा गाडीतून आलो होतो. तुमच्याकडे एक राखणदार होता, कस्तोरिनो. दात दोन, पण बोलणं धारदार. रोज सकाळी तो दरवाज्याचं चाक एक फेरा फिरवायचा. मी म्हटलं, अहो, पाणी तर खाली आहे, कशाला उगाच? तर म्हणाला, साहेब, नाही हलवला तर ती जलपर्णी येऊन मांडी घालून बसते, आणि मग पाहुणी उठता उठत नाही. मी तिथंच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आज्ञा बदलली. आधी हात, मग डोळे.”

झुल्मीराची सुई हातातच राहिली. त्या दिवशी गाडीत बसून खाल्लेला चीजचा पाव, बॉनेटचा चटका, कस्तोरिनोची टोपी, सगळं तिच्यासमोर आलं. आणि दुसरंही काहीतरी लक्षात आलं. एव्हारिस्तोला ‘काय’ विचारलं की तो चुकत होता. ‘का’ विचारलं की त्याला धरण आठवायचं, माणूस आठवायचा, त्या दिवशीचं जेवण आठवायचं, आणि त्या वाटेनं तो बरोबर उत्तरापाशी पोचायचा.

मग सगळे प्रश्न बदलले. चाळीसेक गुरुवार ‘का’चे झाले. त्या वर्षाइतकं ती दोघं तरुणपणीही बोलली नसतील. तो फोनवर सांगायचा, मध्येच वळून, “काय गं, तेव्हा तूच होतीस ना?” म्हणायचा, आणि ती मान हलवायची. तीन वह्या भरल्या. आपण आनंदात आहोत हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

शेवटच्या वहीच्या मध्यावर केव्हातरी, फोन ठेवून एव्हारिस्तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, “हा जुरांदीर हल्ली फार हुशार प्रश्न विचारतो.”

“हो का?”

“तुझ्यासारखेच. ‘तर मग’ने सुरू होतात.” तो खिडकीबाहेर बघत राहिला. “आणि विणकाम करताना पेनाचा आवाज येत नाही, झुल्मीरा. मी विसरभोळा झालोय, बहिरा नाही.”

झुल्मीरानं पेन पिशवीत टाकलं. तिचे कान तापले.

“तेराव्याची वाट बघायची ठरलं होतं आपलं,” तो म्हणाला.

“तू अर्धा अर्धा जातोयस. मी वाट कशी बघू?”

नाईर केक घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून तशीच परत गेली. मग एव्हारिस्तो वाकला, गुडघे कुरकुरले, त्यानं टेबलाच्या पायाखालचं पत्र ओढून काढलं आणि मांडीवर सरळ केलं. “कुठं सही करायची ते दाखव. आणि अक्षर नीट काढ. तुझा सात मला कधी लागला नाही, त्या टायवाल्यांना काय लागणार.”

समिती ब्राझिलियात बसली. अध्यक्ष होते डॉक्टर ब्रांट, एकदम चोख माणूस. पेन्सिलीसुद्धा उंचीनं लावून ठेवायचे. झुल्मीरानं मसुद्यात प्रत्येक कलमाखाली कारण लिहिलं होतं. कस्तोरिनो होता, जलपर्णी होती, एका ठिकाणी चीजचा पावही होता. ब्रांटनी ते सगळं वाचलं. खरंच वाचलं, हे तिनं पुढंही कबूल केलं.

“बाई, फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण मानकात ‘काय’ येतं, ‘का’ येत नाही. कारण लिहिलं की लोक त्यावर वाद घालतात. उद्या कुणी म्हणेल, आमच्या धरणात जलपर्णी नाही, मग हे कलम आम्हाला लागू नाही.”

“आणि परवा कुणी म्हणेल, हे कलम वेड्यासारखं दिसतंय, काढून टाका,” झुल्मीरा म्हणाली. “त्याला कोण सांगणार?”

“कलम आहे, तेवढं पुरे. कलम बदलायला आता समिती लागेल. तुम्हाला हेच हवं होतं ना?”

तिला हेच हवं होतं. बारा वर्षांपूर्वी ती अगदी याच शब्दांत भांडली असती. मतदान झालं, चार विरुद्ध एक, आणि तो एक हात झुल्मीराचा. कारणं गेली. एकशे चौदा पानांचं राखाडी पुस्तक छापून आलं, आत कर्त्यांची नावंसुद्धा नव्हती, कारण तसा प्रघात नाही. कुरितीबाच्या लोकांनी आपली सराकुरा कलमाबरहुकूम दुरुस्त केली. पेद्रा मियुदाचा तीन नंबरचा दरवाजा पुन्हा रोज खडखडू लागला. सराकुरा धरणांवर राहिली. गुरुवारचे फोन मात्र थांबले, कारण आता विचारायचं काय? पुस्तकात आहे. काही महिने जुरांदीर आपणहून फोन करायचा. पण एका गुरुवारी एव्हारिस्तोनं फोन उचलून ‘हॅलो’ म्हटलं आणि त्यानंतर जुरांदीरनं फोन केला नाही.

झुल्मीरा जात राहिली. तो कधी ओळखायचा, कधी नाही. ओळखलं नाही की फार अदबीनं वागायचा, तिला ‘बाई’ म्हणायचा, उठून खुर्ची द्यायचा, आणि ते तिला सर्वांत जास्त लागायचं. मग तिचा पाय मोडला आणि सहा आठवडे जाणं झालं नाही.

दोन हजार सहाच्या एका गुरुवारी, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून ती वर्तमानपत्र वाचत होती. तीन वाजले असतील. फोन वाजला.

“नमस्कार,” पलीकडून आवाज आला. खणखणीत, पण अनोळखी माणसाशी बोलावं तसा. “सराकुरा भाषेबद्दल काही अडलं तर या नंबरवर विचारायचं असं माझी बहीण म्हणते. बरोबर आहे का?”

झुल्मीरानं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. घसा खाकरून तिनं विचारलं, “कुठलं धरण?”

तो जरा घुटमळला. “धरण नाही. घरूनच. इथं फळ्यावर कुणीतरी एक आज्ञा लिहून ठेवलीय. पाणी सात मीटरच्या खाली येईपर्यंत दरवाजा उघडत राहा. मी सकाळपासून बघतोय. पाणी आधीच खाली असेल तर काय करायचं?”

राखाडी पुस्तक हाताशीच होतं. तिला ते उघडायची गरज नव्हती, तरी तिनं उघडलं. “कलम सात, पोटकलम तीन,” तिनं वाचलं. “आज्ञा प्रथम एकदा पाळावी, अट त्यानंतर तपासावी.”

“असं?” तो विचारात पडला. पलीकडे खडू फळ्यावर टेकल्याचा आवाज आला. “पण का? गरज नसताना दरवाजा कशाला हलवायचा? हे कुणी लिहिलंय? मला तर चूकच वाटते.”

तिनं पान उलटलं. तिथं काहीच नव्हतं, लगेच कलम आठ सुरू होत होतं. तिनं पुस्तक मिटलं.

“तुम्ही विचारलंत म्हणून सांगते,” ती म्हणाली. “पेद्रा मियुदाला एक राखणदार होता, कस्तोरिनो. दात दोन. तो रोज सकाळी चाक एक फेरा फिरवायचा. कारण दरवाजा नाही हलवला, तर जलपर्णी येऊन मांडी घालून बसते.”

मग तो हसला. तेच हसू, पंख्यांच्या घरघराटावरून ऐकू यायचं ते.

“आणि पाहुणी उठता उठत नाही!” तो म्हणाला. “मग बरोबर आहे. मग आधी हातच. शहाणा माणूस दिसतो हा.”

“आहे,” झुल्मीरा म्हणाली.

“बाई, हे कारण तुमच्या त्या पुस्तकात आहे का?”

“नाही. काढून टाकलं.”

“छे, छे. असं कसं? लिहून ठेवा,” एव्हारिस्तो काळजीनं म्हणाला. “माणसं विसरतात हो.”

“लिहिते,” ती म्हणाली. त्यानं आभार मानून फोन ठेवला. तिनं पुन्हा पुस्तक उघडलं, पेन शोधलं, आणि कलम सात, पोटकलम तीनच्या शेजारी समासात, अक्षर नीट काढून, लिहायला सुरुवात केली.